फुलपाखराचं वय

धाकटी फोनवर एवढंच म्हणाली, "पण किती वर्षांसाठी, ताई?" आणि मग आपण काही बोललोच नाही अशा घाईनं तिनं विषय बदलला. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय, मुलाच्या बढतीचं अजून नक्की होत नाही, नवऱ्याचा खोकला काही हटत नाही. ताईनं सगळ्याला हं हं केलं, नळाला नवा वायसर बसवून घे म्हणून सांगितलं आणि फोन ठेवून ती पुन्हा कवळ्या बनवायच्या टेबलाशी येऊन बसली. समोर बिजागरीच्या यंत्रात कुणा म्हाताऱ्या बाईचे प्लास्टरचे दोन जबडे एकमेकांवर टेकून होते. वरच्या जबड्यावर लाल मेणाची पाळ आणि त्यात अर्धे दात लावून झालेले. तिनं चाकूचं टोक दिव्यावर धरलं, मेण जरा सैल केलं आणि सुळा बसवला. बसवला आणि बघते तर तो वाकडा. तिनं तो काढला, पुन्हा बसवला, पुन्हा तेच. हात थरथरत नव्हता, डोळ्यांना नीट दिसत होतं. पण दात कुठं बसायला हवा हे जे इतकी वर्षं बोटांना आपलंआपण कळायचं ते आज कळेनासं झालं होतं. आपलंच नाव लिहिताना मध्येच थांबावं आणि पुढचं अक्षर आठवू नये, तसं. तिनं दिवा विझवला. पुढच्या खोलीत डॉक्टर दिवसाच्या शेवटच्या पेशंटला चूळ भरायला सांगत होते. शनिवार होता, दवाखाना दुपारीच बंद व्हायचा.

किती वर्षांसाठी. भाड्यानं घर घ्यायला गेलं की मालक विचारतो, तसं. धाकटी वाईट मनानं बोलली नव्हती, हे ताईला तिच्या आवाजावरून कळलं होतं. वाईट मनानं बोलली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस राग धरता आला असता. हा प्रश्न साधा होता, आणि तो आपल्याला सुचलाच नव्हता याचा तिला धक्का बसला होता. गेल्या शनिवारी बागेतल्या त्या माणसानं लग्नाचं विचारल्यापासून आठवडाभर तिनं किती गोष्टींचा विचार केला होता. लोक काय म्हणतील. आपली खोली सोडायची का. आपण झोपेत बोलतो असं धाकटी लहानपणी सांगायची, ते अजून बोलत असू का. सकाळी कुणासमोर केस मोकळे सोडून वावरायचं म्हणजे कसं. पण किती वर्षं हा विचार शिवलाही नव्हता. पंचावन्न उलटलेली बाई आणि साठी ओलांडलेला माणूस. लग्न म्हणजे पुढं न संपणारं काहीतरी, अशी जी एक समजूत विशीतल्या मुलीच्या मनात असते ती आपल्या मनात न वापरलेल्या कपड्यासारखी घडी घालून तशीच पडून राहिली होती की काय? तिला स्वतःचीच जराशी लाज वाटली. आणि मग आई आठवली. आईला हे कुणी विचारलं नसणार. आई लग्न करून आली तेव्हा विशीतली होती, धडधाकट होती, आल्यागेल्यांनी पुढचं सगळं गृहीतच धरलं असेल. आणि मिळालं किती? दोन मुली, एक शिवणयंत्र, खिडकीत वाढवलेलं लिंबाचं झाड. ताई सोळा वर्षांची होती आणि धाकटी जेमतेम सातची, तेव्हा आई एका पावसाळी दुपारी दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. त्यानंतर वडील बोलायचे थांबले. भांडण नाही, तंटा नाही, कामावर जायचे, यायचे, पैसे ताईच्या हातात ठेवायचे, आणि त्यांच्या तोंडचे शब्दच जणू कुणीतरी घराबाहेर नेऊन ठेवले होते.

ती दवाखान्यातून निघाली आणि पाय आपोआप बागेच्या रस्त्याला लागले. रस्त्यात दुकानांच्या काचांमधून तिची आकृती तिच्याबरोबर चालत होती, एका काचेत बारीक, दुसरीत जाड. आयुष्यभर तिनं माणसं तोंडाच्या आतूनच ओळखली होती. दवाखान्याच्या मागच्या खोलीत पेशंट येत नाहीत, त्यांचे साचे येतात. जबडा पाहिला की तिला कळायचं की हा माणूस रात्री दात खातो, ही बाई एकाच बाजूनं चावते, याला लहानपणी अंगठा चोखायची सवय होती. चेहरे कधी दिसायचे नाहीत. म्हणून दीडेक वर्षापूर्वी एक माणूस कवळी रुमालात गुंडाळून थेट तिच्या दारात उभा राहिला तेव्हा ती आधी गोंधळलीच. त्यानं रुमाल टेबलावर उलगडला आणि फार आर्जवानं तक्रार केली. कवळी उत्तम आहे, टोचत नाही, हलत नाही, पण हे हसू माझं नाही. आरशात बघतो तर कुणी दुसराच हसत असतो. माणूस चांगला दिसतो तो, पण माझी त्याची ओळख नाही. ती हसली. मग त्यानं तरुणपणीचा फोटो दाखवला, त्यात त्याच्या पुढच्या दोन दातांमध्ये चांगली ऐसपैस फट होती. डॉक्टरांनी ती काढून टाकून सरळ रांग लावायला सांगितली होती; तिनं लावली होती. डॉक्टरांना न विचारता तिनं ते दोन दात उकरले आणि फट परत दिली. तो आरशासमोर उभा राहिला, हसला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती त्याला या फटीवरून चिडवायची, एवढंच त्यानं सांगितलं आणि तो निघून गेला.

तो बागेतल्या काचघरात फुलपाखरं सांभाळायचा. आभार मानायला म्हणून त्यानं तिला बघायला बोलावलं, ती गेली, आणि मग शनिवारी जातच राहिली. सुरुवातीला तो तिला ताई म्हणायचा. सगळेच म्हणायचे, डॉक्टर म्हणायचे, औषधवाला म्हणायचा, शेजारची सत्तरीची बाईसुद्धा म्हणायची. मग केव्हातरी तिच्या लक्षात आलं की यानं ताई म्हणणं सोडलंय. दुसरं काही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून तो कुठलंच नाव घेईना. "ऐका," म्हणून वाक्याला सुरुवात करायचा. ऐका, आज नवे कोश आलेत. ऐका, तुमची छत्री राहिली होती. घरी गेल्यावर तिला तो शब्द ऐकू यायचा आणि ती भांडी घासता घासता थांबायची. गेल्या शनिवारी तो म्हणाला होता, "ऐका, माझ्याकडे दोन खोल्या आहेत. एकीत कुणी बसतच नाही." एवढं बोलून तो इतका वेळ गप्प राहिला की तिलाच म्हणावं लागलं, बघू.

काचघराचं आतलं दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरायची. क्षणभर काही दिसायचं नाही; ओल्या मातीचा, पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास मात्र यायचा, आणि डोक्यावरून काहीतरी हलकं गेल्याची नुसती जाणीव. तिला हा आंधळा क्षण आवडायचा. आज गर्दी होती. बापांच्या खांद्यांवर मुलं होती, म्हातारी जोडपी बाकांवर बसली होती. तो बाहेरच्या दाराशी उभा राहून लोकांना आरशासमोर वळायला सांगत होता, कपड्यांवर बसून एखादं फुलपाखरू बाहेर जाऊ नये म्हणून. त्यानं तिला पाहिलं आणि हात वर केला. ती कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहिली. एक तपकिरी फुलपाखरू तिच्या मनगटावर उतरलं, त्यानं आपली वळवळती सोंड उलगडली आणि घामाची चव घेऊ लागलं. त्याच्या एका पंखाचा काठ फाटला होता, रंग जागोजागी उडाला होता, आतली काचेसारखी चकाकी दिसत होती. वर्षभर इथं येऊन आपण ज्या गोष्टीविषयी कधी काही विचारलं नाही ती गोष्ट आता मनगटावर बसलीय, असं तिला वाटलं. आपण का विचारलं नाही? प्रत्येक मूल आल्या आल्या पहिल्यांदा तेच विचारतं. तिनं कान बंद करून घेतले असतील.

लोक गेले, त्यानं बाहेरचं दार लावून घेतलं आणि मऊ झाडूनं वाट झाडायला लागला. ती त्याच्याबरोबर चालू लागली आणि तिनं विचारलं, ही किती जगतात. पाटीवर लिहिलंय ते मला पाठ आहे, तो म्हणाला, आणि बाकीचं बघून बघून कळलंय ते. बहुतेक दोन-तीन आठवडे. बाहेर उघड्यावर तर त्याहून कमी, कारण पक्षी असतात, कोळी असतात, वारा असतो. तिनं विचारलं, इथं पक्षी नाहीत, तरीही? तरीही, तो म्हणाला. मग तो तिला समजावू लागला. पंख एकदा आले की आले. आपलं कातडं खरचटलं तर भरून येतं, यांचा पंख भरून येत नाही, वरचे खवले झडले की झडलेच. आणि खरं खाणं तर अळीनंच खाऊन घेतलेलं असतं. अंग बांधायचं सगळं सामान तिनं पानं कुरतडून गोळा केलेलं असतं. पुढं फुलपाखरू नुसता मध पितं. त्यानं उडायला बळ येतं, पण झिजलेलं परत बांधायला काही मिळत नाही. जोडी जमवायची, अंडी घालायची, तेवढ्यापुरती ती शिदोरी असते. "लोक म्हणतात बिचाऱ्यांचं आयुष्य किती थोडं," तो झाडू भिंतीला टेकवत म्हणाला. "अंडं, अळी, कोश, ते कुणी धरतच नाही. पंख असतात तेवढेच दिवस मोजतात."

तिला चालता चालता सोळा वर्षांची मुलगी दिसली, ओट्याशी उभी राहून घाईघाईत सगळं शिकून घेणारी. आईच्या हातचं जे काही अंगात साठलं होतं त्याच्यावरच पुढची सगळी वर्षं काढणारी. पण ती मुलगी आपणच होतो असं तिला वाटेना. ती दुसरीच कुणी होती, तिच्याविषयी फक्त माया वाटत होती. सगळीच एवढी थोडी जगतात का, तिनं विचारलं. नाही, नाही, तो म्हणाला आणि तिला वेलीच्या कमानीपाशी घेऊन गेला. तिथं काळ्या अंगावर तांबडे पट्टे असलेली काही फुलपाखरं संध्याकाळची एकाच फांदीला दाटीवाटीनं लटकायला लागली होती. ही महिनोन्‌महिने जगतात. यांच्या सोंडेवर बघा, पिवळी पूड दिसते ती. मधाबरोबर परागही खातात ही, तासन्‌तास घोळवून घोळवून. मोठी झाल्यावरही यांना पोटभर मिळतं, म्हणून अंग टिकतं. आणि थंड मुलखात आणखी एक जात असते, त्यातली उन्हाळा संपता संपता जन्मलेली असतात ना, ती वर्षभरसुद्धा काढतात. ती अंडी घालायचंच लांबणीवर टाकतात. जीव राखून असतात. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या सांदीत पंख मिटून बसून राहतात.

ती थांबली. जीव राखून. धाकटीचं लग्न होईपर्यंत, मग वडील असेपर्यंत, मग धाकटीचा मुलगा मोठा होईपर्यंत. आणि मग कुणासाठी? मग तर कुणी थांबवलं नव्हतं. दवाखान्यामागच्या त्या खोलीत दार लोटून आपण बसून होतो, आणि ते बरं वाटत होतं, उबेचं वाटत होतं, हे तिला आत्ता पहिल्यांदा कबूल करावंसं वाटलं. तिला भीती याच्या मरणाची वाटत नव्हती. याच्याबरोबर शनिवारी जे वाटायचं ते रोज वाटायला लागलं तर काय करायचं, याची वाटत होती. इतकं काही मावायला जागा आहे का आपल्याकडे? तिनं विचारलं, "मग ही आणि ती सांदीतली, यांत जास्त कोण जगतं?"

त्यानं मान वर करून फांदीकडे पाहिलं. "सगळे दिवस धरले तर सांदीतली जास्त," तो म्हणाला. "पण त्यातला बराचसा काळ ती सांदीतच असतात."

तिला हसू आलं, मग त्यालाही आलं, फट दिसली. आणि हसता हसता तिनं धाकटी काय म्हणाली ते सांगून टाकलं. त्याचं हसू गेलं नाही, नुसतं लहान झालं. तो बाकावर बसला, तिलाही बसायला सांगितलं, आणि आपल्या हृदयाच्या एका नळीत तारेची जाळी बसवलेली आहे हे त्यानं तिला सांगितलं. गेल्या शनिवारी सांगायचं होतं, पण दोन खोल्यांचं बोलण्यातच सगळा धीर संपला. डॉक्टर म्हणतात ठीक आहे. गोळ्या रोज घ्याव्या लागतात. बहिणीचं काही चुकलं नाही, तिच्या जागी मी असतो तर मीही विचारलं असतं. "मी आजारी पडलो तर तुम्ही माझं करावं म्हणून मी विचारलं नाही," तो म्हणाला. "दिवसभर इथं काहीतरी बघतो, घरी जातो, आणि ते सांगायला कुणी नसतं. एवढंच आहे. किती दिवस, ते मला खरंच सांगता येणार नाही." तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं. नखांत माती होती, बोटांवर पंखांची भुकटी चमकत होती. तिनं तो हात धरला नाही. पण उठून जावं असंही तिला वाटलं नाही, आणि अंधारून येईपर्यंत ती तिथंच बसून राहिली.

रविवारी सकाळी धाकटी न कळवता आली. हातात पिशवी, केस नीट विंचरलेले नाहीत. खुर्चीवर बसली आणि नळ दुरुस्त झाला म्हणाली. ताईनं चहा टाकला. धाकटी म्हणजे आता चांगली पन्नाशीच्या जवळ आलेली बाई, गुडघे धरून उठणारी. पण पाठमोरं उभं राहिलं की मागून येणारा तिचा श्वास तसाच ऐकू यायचा, सर्दी झालेल्या मुलीसारखा. काल जे बोलले ते मनावर घेऊ नकोस, ती म्हणाली. मग म्हणाली, खरं तर घे. रात्रभर मला झोप नाही. तू बाबांचं केलंस, माझं केलंस, माझ्या बाळंतपणात केलंस, आता कुठं जरा मोकळी झालीस. वर्षा-दोन वर्षांत त्यांना काही झालं तर पुन्हा तू तशीच होशील. ताईनं विचारलं, तशी म्हणजे कशी? धाकटी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "आई गेल्यावर तू झाली होतीस तशी. तू रडली नाहीस. तू रोज माझ्या वेण्या घातल्यास. मी आरशातून तुझं तोंड बघायची आणि मला वाटायचं, आता हीसुद्धा जाणार."

आणि ताईला ते एकदम समोर दिसलं. ती छोटी खोली, खिळ्याला टांगलेला आरसा, आणि गुडघ्यांमध्ये धरलेलं ते चुळबुळतं पोर, जे रोज सकाळी वेणी घालताना विचारायचं, ताई, तू किती वर्षं जगशील? रोज. आणि ती तोंडात रिबीन धरून रोज सांगायची, पुष्कळ, पुष्कळ, मान सरळ ठेव. सोळा वर्षांच्या मुलीनं ते कुठल्या जोरावर सांगितलं होतं? तिला त्यातलं काय माहीत होतं? पण सांगितलं होतं, आणि पोरीनं त्यावर विश्वास ठेवून मान सरळ ठेवली होती. कालचा प्रश्न शहाण्यासुरत्या बाईचा नव्हताच. तो तिथूनच आला होता, त्या आरशातून. ताईनं गॅस बारीक केला आणि धाकटीच्या मागं जाऊन उभी राहिली. तिच्या विस्कटलेल्या केसांत बोटं घातली. केस पातळ झाले होते, मुळाशी पांढरे होते.

"मला माहीत नाही गं," ती म्हणाली. "तेव्हाही माहीत नव्हतं."

धाकटीचे खांदे एकदा हलले, मग सैल झाले. ती मागं रेलली आणि तिनं डोकं ताईच्या पोटाशी टेकवलं. काही वेळानं नाक पुसत तिनं विचारलं, माणूस दिसायला कसा आहे? दातांत फट आहे, ताई म्हणाली. मी ठेवलीय. धाकटीला ते काही कळलं नाही, पण ती हसली. आणि चहा उतू गेला.

पुढं फार काही घडलं नाही. नोंदणी कचेरीत तिघंचौघंच होते. धाकटीनं साक्षीदार म्हणून सही केली, आणि आपली सही नीट आली नाही म्हणून परत करू का असं कारकुनाला विचारलं. काचघरवाल्यानं कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि त्याला सारखं पाणी प्यावंसं वाटत होतं. ताई त्याच्या दोन खोल्यांत राहायला गेली. तिच्याबरोबर एक पेटी, एक खुर्ची आणि कुंड्या. सुरुवातीचे दिवस अवघड होते. दोघांनाही एकेकट्यानं राहायची इतकी सवय की एकाच वेळी स्वयंपाकघरात गेले की दोघंही माफ करा म्हणून बाहेर यायचे. त्याच्या गोळ्यांची डबी ताटापाशी असायची. पहिल्यांदा तिची नजर तिथं अडकायची, मग मीठ ठेवावं तशी तीही तिथं असते असं झालं. एकदा तो जिन्यात धाप लागून बसला. तीही पायरीवर त्याच्या शेजारी बसली आणि त्याचे श्वास मोजत राहिली. मग तो उठला आणि दोघं वर गेले. किती, हा प्रश्न गेला नव्हता. तो त्यांच्याबरोबर राहायला आला होता आणि फारसा त्रास देत नव्हता. संध्याकाळी तो दिवसभरात पाहिलेलं सांगायचा, कुठल्या कोशातून काय निघालं, कुठला मुलगा कशाला रडला. ती ऐकता ऐकता झोपेत बोलायला लागायची, आणि सकाळी तो तिला ते सांगायचा.

एका सोमवारी ती दवाखान्यात पोहोचली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पेशंट खोळंबले होते. डॉक्टरांनी तिची खोली स्वतःच उघडली होती आणि तिच्या टेबलापाशी ते कावरेबावरे होऊन उभे होते. इतक्या वर्षांत त्यांच्यावर ही पाळीच आली नव्हती. तिला पाहून त्यांना हायसं वाटलं. बरं नाही का, त्यांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? ती खुर्ची ओढून बसली. सकाळी जाग आली तेव्हा तो छताकडे बघत लहानपणच्या एका कुत्र्याची गोष्ट सांगत होता. मग तिनं आईच्या शिवणयंत्राची सांगितली. मग भिंतीवर ऊन आलं होतं आणि दोघांनाही ते दिसत होतं.

"सगळं ठीक आहे," ताई म्हणाली. "आम्ही बोलत बसलो होतो."